मामूंना बांधून दिलेली दुपार

आमच्या घरात कुठलंही काम निघालं की आधी त्याचा नकाशा निघतो. नकाशा मी काढतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं कागद, पट्टी, रंग असं सगळं साहित्य माझ्याकडं कायम तयार असतं. अक्कल तेवढी मागवावी लागते, असं बायको म्हणते. मोरी दुरुस्त करायची होती तेव्हा मी मोरीचा नकाशा तीन रंगांत काढला होता. मोरीचं पाणी त्यानंतरही दाराकडंच वाहत राहिलं, पण नकाशा इतका देखणा झाला होता की तो वर्षभर फ्रिजवर चिकटवलेला होता.

त्यामुळं मामू धाराशिवला आमच्याकडं राहायला आले आणि त्यांच्यासाठी घरामागच्या मोकळ्या जागेत दगडकामाचं शेड करायचं ठरलं, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत मी कागद पसरला होता.

मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. वय सत्तरीच्या पुढं. सगळी हयात सास्तूरला दगड घडवण्यात गेली. पाटे-वरवंटे, उखळं, देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं, कब्रस्तानात कबरींवर लावायचे नावांचे कतबे, शाळांच्या कोनशिला. मराठी आणि उर्दू अक्षर तर हातातच बसलेलं. सीमेकडचं गिऱ्हाईक आलं तर कानडीसुद्धा कोरायचे. कानडी त्यांना वाचता येत नाही. कागदावर असेल ते दगडावर जसंच्या तसं उतरवायचं आणि "वाचायचं काम तुमचं" असं गिऱ्हाइकाला सांगून मोकळं व्हायचं. अख्खा गाव त्यांना मामू म्हणतो. लहानपणी आम्हा भाच्यांना याचा फार राग यायचा. मामू आमचे, आणि हे बाकीचे फुकटचे भाचे कोण?

सुट्टीत सास्तूरला गेलो की मामू घरापुढच्या लिंबाखाली पोतं टाकून बसलेले दिसायचे. सकाळी त्यांचं तोंड रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाकडं असायचं. दुपारी जेवण आणि झोप झाली की पोतं, वाळू, दगड सगळं फिरवून ते त्या दुकानाकडं पाठ करून बसायचे. रोज. आम्हा पोरांची खात्री होती की मामूंचं आणि दुकानदाराचं रोज बाराच्या सुमाराला भांडण होतं. एकदा तर खुद्द दुकानदारानं मला हळूच विचारलं होतं, "का रे, मामू माझ्यावर रुसल्यात का?" आणि जेवणाच्या वेळी मामी हाक मारायची तेव्हा मामू हातोडा ठेवून म्हणायचे, "चला, बाराला अक्षर मरतं." मला वाटायचं, झोपायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून म्हणतात. मोठं झाल्यावर मीही शाळेत मधल्या सुट्टीनंतर डुलकी काढताना ते वाक्य वापरलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मामी गेली. मग मामूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन धाराशिवला, म्हणून ते आमच्याकडं आले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. माझ्यापेक्षा लहान, मनानं फार चांगला, पण काळजी करण्यात मामीच्याही वरचढ. त्याचा हट्ट होता की अब्बांनी आता पुण्याला यावं. त्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. मामूंनी त्याला विचारलं होतं, "तिथं दगड लिफ्टनं चढवायचा का जिन्यानं?" तो म्हणाला, "अब्बा, दगड कशाला? आराम करा की." यावर मामू म्हणाले, "ज्या दिवशी अक्षर दिसायचं बंद होईल, त्या दिवशी मी आपल्या पायानं तुझ्याकडं येतो. तवर मला बोलवू नको."

बापलेकांत हा करार झाला तेव्हा मी मधे बसलेलो होतो. साक्षीदार म्हणून मीच.

शेडच्या बाबतीत मामूंची अट एकच होती. वर स्लॅब नको. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या घराचं माळवद खाली आलं होतं, आणि तेव्हापासून ते दगडामातीच्या छताखाली कामाला बसत नाहीत. याच्याबद्दल ते कधी जास्त बोलत नाहीत. मला एवढंच म्हणाले, "पत्रा कर. पत्रा पडला तर डोकं फुटतं. माणूस राहतो."

बाकी सगळं त्यांनी माझ्यावर सोडलं. इथंच त्यांची चूक झाली.

मी आठ दिवस मोबाइलवर परदेशातल्या शिल्पकारांच्या खोल्या बघितल्या. त्या लोकांचं काम कसं, उभं राहून! कमरेइतकं टेबल, गुळगुळीत जमीन, भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं. मी तसंच्या तसं केलं. खाली सिमेंटचा कोबा. लोखंडी अँगलचं टेबल वेल्डरकडून करून घेतलं. जोडीला एक गोल फिरणारं स्टूल. आतून सगळा पत्रा पांढराशुभ्र रंगवला. पूर्वेच्या बाजूला एक दार. खिडकी मुद्दाम ठेवली नाही, कारण शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर धूळ गेली असती.

आणि उजेड. डोळ्याच्या डॉक्टरांनी मामूंना सोडताना सांगितलं होतं: धूळ टाळा, दगड ओला करून काम करा, चष्मा लावा, आणि उजेड भरपूर ठेवा. पहिल्या तीन गोष्टी मामूंनी ऐकल्या. चौथी मी ऐकली. मी पत्र्याखाली आठ ट्यूब लावल्या. दोन-दोनच्या चार रांगा, समान अंतरावर, कुठंही कोपरा सुटणार नाही अशा. वीज गेली तर खोळंबा नको म्हणून घरच्या इन्व्हर्टरवरून एक वायरही ओढली. मग मामूंना हाताला धरून आत नेलं आणि बटण दाबलं.

मामूंनी कपाळावर हात आडवा धरला. "या अल्ला," ते म्हणाले, "मास्तर, कुणाचं लग्न हाय?"

बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "आता फक्त खुर्च्या आणि आइस्क्रीम राहिलं."

मामू तसे पाहुण्याच्या संकोचानं वागणारे. भाच्यानं एवढ्या हौसेनं केलंय म्हटल्यावर ते "छान झालं, लई छान झालं" म्हणत टेबलाला उभे राहिले. पंधरा मिनिटांत त्यांची कंबर धरली. टेबलावर दगड प्रत्येक घावाला टणकन उडायचा, आणि लोखंडाचा आवाज थेट दातांत जायचा. मग स्टूलवर बसून बघितलं, तर हातोडा उचलला की मामूच गर्रकन फिरायचे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, रागावणार नसलास तर एक सांगू का? थोडी वाळू मिळंल का?"

वाळू आली. मामूंनी ती जमिनीवर पसरली, तिच्यात दगड अर्धा रुतवून जरा तिरका टेकवला आणि शेजारी पोतं टाकून मांडी घालून बसले. घाव आता मऊ बसायला लागला. टेबलावर त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरचे पापड वाळतात. स्टूल बायकोनं शिलाई मशीनला घेतलं. पण ट्यूबांना कुणी हात लावला नाही. ट्यूबा माझ्या होत्या.

पहिलं काम आलं तामलवाडीहून. पन्नाशीचा शेतकरी, मोटरसायकलवर, डोक्याला टॉवेल. त्याची आई वारली होती. तिच्या नावानं त्यानं रस्त्याकडंला गुराढोरांसाठी पाण्याचा हौद बांधला होता, आणि हौदाच्या रुंद कठड्यावर आडवा बसेल असा काळा दगड त्याला हवा होता, आईच्या नावाचा.

"नाव, गाव, आनं खाली एक ओळ," तो म्हणाला. "मुक्या जनावरांसाठी, एवढंच. म्हातारी घरात गाय तानेली असली तर सोता पानी पेत नव्हती."

मी मधे तोंड घातलं. "अक्षरांत पांढरा रंग भरून देऊ का? लांबून दिसेल."

मामूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहा सांगायला आत गेलो. जाताना ऐकू आलं, "ज्याला कोरता येत न्हाय, तो रंग भरतो."

दगड आला. मामूंनी तो घासून सपाट केला, गेरूनं अक्षरं लिहिली, पाणी शिंपडलं आणि छिन्नी लावली. पहिल्या दिवशी ते पुन्हा पुन्हा चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ते अक्षरांवरून अंगठा फिरवत बसले होते. डोळे मिटून. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मामू आज जेवले नाहीत."

दगड बघायला तो शेतकरी आला तेव्हा मी घरीच होतो. त्यानं वाकून बघितलं. नावाच्या वरची रेघ, जी मामूंच्या हातून आयुष्यभर दोरी धरल्यासारखी सरळ निघाली, ती मधेच खाली येऊन पुन्हा वर गेली होती. काही अक्षरं खोल, काही नुसती खरवडल्यासारखी. शेतकऱ्यानं नावावरून एकदा बोट फिरवलं. "चांगलं हाय की," तो म्हणाला, आणि चहा पिताना फक्त पावसाबद्दल बोलला.

त्याची मोटरसायकल गेल्यावर मामूंनी छिन्नी पोत्यावर ठेवली.

"मास्तर, अक्षर दिसंना."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल, मामू."

"पेपर दिसतो. तुझं टक्कल दिसतंय. भिंतीवरची पाल दिसती. अक्षर दिसंना. घाव कुठवर गेलाय तेच कळंना. सगळं पांढरं, सपाट." त्यांनी हाताकडं बघितलं, जणू हातच काही सांगेल. "डोळे असून उपयोग न्हाय, म्हणजे डोळे गेलेच म्हणायचे."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. मी शेजारीच होतो. मामू फक्त एवढंच म्हणाले, "रविवारी ये. मोठी पिशवी आण." पलीकडून मुलगा बोलत होता, काळजीनं आणि, खोटं कशाला बोलू, थोड्या आनंदानंही. मामू "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

मला रात्रभर वाईट वाटत राहिलं आणि सकाळी मला उपाय सुचला. मी बाजारात जाऊन आणखी दोन ट्यूब घेऊन आलो.

दहा ट्यूबांच्या उजेडात मामूंनी एकच घाव घातला आणि छिन्नी परत खाली ठेवली. मला दुखवायला नको म्हणून म्हणाले, "उजेडाला तोड न्हाय, मास्तर. कसर माझ्यातच हाय." मी मान हलवली. होय, मी मान हलवली. मला पटलं होतं की उजेड माझा उत्तम आहे आणि डोळे त्यांचे गेले आहेत. हे लिहिताना मला अजून कसंतरी होतं.

रविवारला दोन दिवस उरले होते. शुक्रवारी शाळेला कसलीशी सुट्टी होती आणि आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार होती. सकाळी नऊच्या सुमाराला मामू शेडमध्ये हत्यारं पोत्यात बांधायला गेले. मीही मागून गेलो. एकटं हे काम करू द्यावंसं वाटेना. आम्ही दोघं छिन्न्या एकेक उचलत होतो आणि वीज गेली.

दहा ट्यूब एकदम विझल्या. शेडमध्ये फक्त दारातून येणारं सकाळचं ऊन उरलं, जमिनीला टेकून आडवं आत शिरलेलं.

"थांबा मामू, इन्व्हर्टर लावतो," मी म्हणालो आणि वळलो.

"अरे, वाकडं हाय!"

मी दचकून मागं बघितलं. मामू दगडावर ओणवे झाले होते. "वाकडं हाय! बघ, इथं रेघ खाली आली. इथं घाव अर्ध्यात सोडलाय. हे बघ, हे अक्षर म्हणजे नुसती खरूज!" आपल्या कामाला इतक्या आनंदानं शिव्या देताना मी कुणालाही ऐकलेलं नाही.

मला वाटलं, अंधारात म्हातारा गोंधळलाय. मी पळत घरात गेलो आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं. शेड पुन्हा पांढरं झालं.

"मेलं!" आतून आवाज आला. "मास्तर, काय केलंस? बंद कर!"

बंद केलं.

"दिसतंय!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पण तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः बटण दाबलं.

"मेलं!"

बंद केलं.

"दिसतंय! ए पोरी, सूनबाई, आता त्याला हात लावू देऊ नकोस!"

तिनं बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "दहा ट्यूब लावून अंधार पाडला तुम्ही," ती म्हणाली. "हे सगळ्यांना जमत नाही."

मी शेडच्या दारात जाऊन उभा राहिलो, आणि उभा राहिलो तर दगडावर माझी सावली पडली, मामू ओरडले, म्हणून भिंतीला चिकटून बसलो. तिथून मलाही दिसलं. आडव्या उन्हात प्रत्येक घावाच्या एका काठावर काळी रेघ आणि समोरच्या काठावर उजेडाची रेघ. अक्षर दगडातून उठून आल्यासारखं. मघाच्या पांढऱ्या प्रकाशात हेच नाव पाटीवरून पुसल्यासारखं होतं.

बावीस वर्षं. बावीस वर्षं मी पाचवीच्या वर्गात टेबलावर पांढरा चेंडू ठेवतो, उजवीकडच्या खिडक्या लावून घेतो, डावीकडची एकच उघडी ठेवतो आणि मुलांना सांगतो: बाळांनो, उजेड एका बाजूनं आला तरच गोल गोल दिसतो. सगळीकडून आला की चेंडूची चपाती होते. चपाती म्हटल्यावर वर्ग हसतो. दर वर्षी हसतो. आणि तो मी, स्वतःच्या मामूंना चारी बाजूंनी पांढरी भिंत आणि वर दहा ट्यूब देऊन आलो होतो.

मग सास्तूरचं लिंबाचं झाड आठवलं. किराणा दुकान आठवलं. मामू कुणावर रुसत नव्हते. सकाळी ऊन डाव्या खांद्यावरून यावं म्हणून दुकानाकडं तोंड, आणि दुपारनंतर तेच ऊन पुन्हा डावीकडून यावं म्हणून दुकानाकडं पाठ. आणि बाराला, ऊन थेट डोक्यावर आलं की सावली नाही, म्हणून अक्षर नाही, म्हणून झोप. बाराला अक्षर मरतं. मी पत्र्याखाली मामूंना कायमची दुपार बांधून दिली होती.

"मामू," मी म्हणालो, "तुम्हाला हे ठाऊक होतं की."

"काय ठाऊक?"

"उन्हाबरोबर फिरायचं."

मामूंनी दारातल्या उन्हाकडं बघितलं. "माझ्या बापानं जिथं बसवलं तिथं मी बसलो," ते म्हणाले. "तो फिरायचा, म्हणून मी फिरायचो. का फिरायचं, हे त्यानं सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय. घरात, दिव्याखाली कधी कामच केलं न्हाय रे. मला वाटलं, दिवा म्हणजे दिवा." मग माझ्याकडं वळून, "आनं तू मास्तर. म्हटलं, तुला ठाऊक असंल."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

नवा नकाशा मामूंनी काढला. कोळशानं, कोब्यावर. एक चौकोन, त्यात दगड, दगडाच्या डावीकडून एक बाण. संपला नकाशा. आम्ही दहापैकी नऊ ट्यूब काढल्या. दहावी ठेवली, छिन्नी पडली तर शोधायला. पश्चिमेच्या पत्र्याला कापून दाराएवढीच उंच खिडकी केली, म्हणजे मामूंना पहिल्यासारखं दुपारी फिरून बसता यावं. शेजारीणबाईंना मी जाऊन सांगितलं की कपडे जरा पलीकडं वाळत घाला, त्या म्हणाल्या, "मामूंसाठी ना? मग घालते. तुमच्या नकाशासाठी घातले नसते." ढगाळ दिवसासाठी लेकीचा अभ्यासाचा जुना दिवा, वाकणाऱ्या मानेचा, एका लोखंडी काठीला बांधला. तो डावीकडून, दगडाच्या जरासा वर, मामू सांगतील तिथं.

बिघडलेला दगड मामूंनी उलटा केला आणि मागची बाजू घासायला घेतली. पहिलं वाकडं नाव खाली गेलं, वाळूत.

रविवारी मुलगा पुण्याहून आला. हातात खरंच मोठी पिशवी होती, रिकामी, घडी घातलेली. मामू शेडमध्ये होते. मी त्याला अंगणातच गाठलं, कारण आता बोललो नाही तर पुन्हा हिंमत होणार नाही हे मला कळत होतं.

"डोळे ठीक आहेत त्यांचे," मी म्हणालो. "मी उजेड चुकवला होता."

"भाईजान, तुम्ही त्यांना पाठीशी घालताय."

"नाही रे. मी स्वतःला पाठीशी घालत होतो, आठवडाभर." मग मी चेंडू, खिडकी, चपाती असं सगळं सांगितलं. त्याला काही कळलं नाही. बायको म्हणाली, "यांच्या वर्गातल्या मुलांनाही असंच होतं. तू आत जा."

आत मामूंनी त्याला पोत्यावर बसवलं आणि दिव्याची काठी त्याच्या हातात दिली. "धर. वर धर. डोक्यावर." मुलानं धरली. "आता बाजूला आण. हळू. अजून खाली." नवं नाव अर्धं झालं होतं. दिवा खाली येत गेला तसं अक्षराला अंग फुटत गेलं. मुलानं पुन्हा दिवा वर नेला, पुन्हा खाली आणला. मग पुन्हा. लहानपणी मामू त्याला काठीनं चाक पळवायला शिकवायचे तेव्हा तो असाच करायचा, थांबायचंच नाही.

"बस्स," मामू म्हणाले. "तेल संपंल."

मुलगा हसला. मग दिवा तसाच धरून म्हणाला, "अब्बा, मी खोली रंगवून घेतली होती तुमच्यासाठी. फिकट हिरवा. अम्मीला आवडायचा तसा."

मामूंचा हातोडा थांबला. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, की या कराराच्या पलीकडच्या टोकाला नवव्या मजल्यावर एक माणूस एकटा रंग निवडत बसला होता.

"पावसाळ्यात येतो," मामू म्हणाले. "दोन महिने. आभाळ भरलं की ऊन न्हाय, सावली न्हाय. तसाही बसूनच असतो मी. सास्तूरला तुझ्या अम्मीचं डोकं खायचो, तुझं खाईन." मग लगेच, "दिवा खाली घे. बोलताना वर गेला बघ."

मुलगा संध्याकाळी पिशवी घेऊन परत गेला. बायकोनं ती पापड आणि शेंगाच्या चटणीनं भरून दिली होती, म्हणजे ती अगदीच रिकामी गेली नाही.

दगड पुढच्या आठवड्यात पुरा झाला. शेतकरी टेम्पो घेऊन आला, नावावरून बोट फिरवलं, आणि मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून फिरवलं. मामूंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "हौदावर बसवल्यावर येवा," एवढं म्हणून गेला.

आम्ही गेलो. माझ्या स्कूटरवर, मामू मागं. नऊला निघायचं ठरलं होतं, पण मी रस्त्याचा नकाशा मोबाइलवर बघायचा आग्रह धरला, त्यामुळं तामलवाडीला पोचायला बारा वाजले.

हौद सुरेख होता. पाणी काठोकाठ. दगड कठड्यावर आडवा, नाव आभाळाकडं करून पक्का बसवलेला. शेतकरी मात्र कासावीस झालेला होता.

"मामू, कायतरी झालं. सकाळपासनं बघतोय, म्हातारीचं नाव पुसत चाललंय. आता तर दिसंनाच. सिमेंटचं पाणी लागलं का काय? म्या चांगला धुतला, तरी दिसंना. वर एक बल्ब लावू का, गुरुजी?"

"नको!" मी आणि मामू एकदम ओरडलो. हौदावर पाणी पिणारी म्हैस मागं सरली.

मी खिशातून मोबाइल काढला. बॅटरी बाजूनं धरली की लगेच दिसलं असतं. मामूंनी माझा हात खाली केला.

"ठेव तो," ते म्हणाले. मग शेतकऱ्याला, "जेवण झालं का तुझं?"

"न्हाय की."

"मग आधी जेवू. अक्षर कुठं जात न्हाय. बाराला झोपतं ते. ऊन कललं की उठंल."

शेतकऱ्यानं एकदा दगडाकडं बघितलं, एकदा आभाळाकडं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. "म्हातारीबी बाराला पडायचीच," तो म्हणाला. "घरात आग लागली तरी चारशिवाय उठत नव्हती."

आम्ही बाभळीखाली बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. मामू टॉवेल तोंडावर घेऊन आडवे झाले. शेतकरी बैलाकडं जाऊन आला, पुन्हा बसला. मी दोनदा उठून दगड बघून आलो, मामू टॉवेलखालून म्हणाले, "मास्तर, वर्ग भरला न्हाय अजून."

साडेतीनच्या पुढं कधीतरी एक बाई शेळ्या घेऊन हौदावर आली. शेळ्या पुढचे पाय कठड्यावर ठेवून पाणी प्यायला लागल्या. बाईनं त्यांना हुसकलं नाही. ती वाकून दगडाकडं बघत होती, आणि मग तिनं हळूहळू, अक्षराला अक्षर जोडत, नाव मोठ्यानं वाचलं.

शेतकरी उठून उभा राहिला. मामूंनी टॉवेल काढला नाही.

"उठली का?" त्यांनी विचारलं.